वजनांच्या बाजूला जायला पाय उचलत नाही. जाणाऱ्या बायांनी सांगा

काळी_माती (परभणी)

वय ३१, बँकेत काउंटरवर आहे. अडीच महिने झाले, घराजवळच्या जिममध्ये जाते.

कशासाठी जाते ते आधी सांगते. दिवाळीनंतर आई न्हाणीत घसरली. नुसती बसली म्हणावं इतकं साधं पडणं, पण खुब्याचं हाड मोडलं. ६१ वय. ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरते. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून दाखवला, हाडं पार विरळ झालीत म्हणाले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमची अजून वेळ आहे. नुसतं चालून भागणार नाही, हाडावर भार पडू द्या. वजन उचला." आईला उचलून कॉटवर बसवताना माझीच कंबर धरायची, तेव्हा ते बोलणं डोक्यात बसलं.

आमच्याकडं लेडीज बॅच दुपारी ४ ते ५. तेव्हा मी बँकेत. म्हणून सकाळी ६ ला जनरल बॅचला जाते. आत गेलं की डाव्या हाताला ट्रेडमिल आणि सायकली. मागच्या निम्म्या हॉलमध्ये काळी रबरी मॅट, आरसे, मारुतीचा फोटो आणि सगळं लोखंड. मधे भिंत नाही, पडदा नाही. पण त्या मॅटची कड आली की माझा पाय थांबतो. अडीच महिन्यांत मी काय केलं? ट्रेडमिल, आणि दोन किलोचे गुलाबी डंबेल.

एकदा गेले होते. रॉड घ्यायला वाकले तर एक पोरगा म्हणाला, "मॅडम, लेडीजचं सामान तिकडंय." त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, त्याला वाटलं मी चुकून आले. पण चार जणांनी वळून बघितलं. मी "हो का" म्हणून परत फिरले. त्या दिवशी ट्रेडमिलवर पाऊण तास चालले आणि सगळा वेळ घसा दाटून आलेला.

मला कुणी त्रास दिलेला नाही, हे मुद्दाम लिहिते. तक्रार करा म्हणाल तर कुणाची करू? आणि खरं सांगायचं तर मला तिथलं काहीच माहीत नाही. रॉड किती किलोचा, त्याच्या टोकाला लावायची वजनाची गोल प्लेट कशी निघते, बेंचवर कुणाचा टॉवेल असला तर थांबायचं की बसायचं. विचारलं आणि हसले तर?

ज्या बाया खरंच त्या बाजूला जातात त्यांनी सांगा, पहिल्या दिवशी काय केलं होतंत? नवऱ्याला सोबत ने असं कृपया सांगू नका, त्याची पहाटेची ड्युटी असते.

पाऊसवाट (नांदेड)

मी मैत्रिणीला घेऊन जायचे. दोघी असलं की कुणी बघतंय का याचा विचारच येत नाही. आता ती पुण्याला गेली, तर मी हेडफोन लावून एकटी करते. वेळ बदलून बघ, आमच्याकडं साडेआठला हॉल रिकामा असतो.

गंजगोलाईची_लेक (लातूर)

बाई, नाइट करून आले, चहा ठेवला आणि तुझं वाचलं. झोपायच्या आधी लिहूनच टाकते. मी ४६ ची, दवाखान्यात स्टाफ नर्स. चार वर्षं झाली लोखंड उचलते.

नांदेडच्या ताईचं हेडफोनचं मला पटत नाही. निदान पहिले दोन महिने नको. मागून कुणी रॉड घेऊन चाललेलं असतं ते कळायला पाहिजे. आणि तिथं शिकायचं निम्मं ऐकूनच कळतं.

आधी रॉडचं. मोठा रॉड, ज्याची दोन्ही टोकं जाड आणि फिरती असतात, तो २० किलोचा. स्पर्धेत बायकांना १५ चा देतात, तो आपल्या गावांत फारसा दिसत नाही. बारीक सरळ रॉड पुष्कळ हलके असतात. आता २० किलो म्हणजे किती? पाण्याचा २० लिटरचा जार, तेवढंच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. रेल्वेतून ते टाकीत गेलं, टाकीतून टँकरमध्ये. आणि टँकरमधून घरात कुणी नेलं? आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. दोन हातात दोन कळश्या, टँकर आला की अकरा-बारा फेऱ्या, खाली पोरगी नंबर धरून उभी. तेव्हा माझ्याकडं कुणी वळून बघितलं नाही, मला पण आपण काही जड उचलतोय असं वाटलं नाही. चार वर्षांपूर्वी तो रॉड पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला त्या कळश्याच आठवल्या. अंगाला हे ओझं ठाऊक होतं गं. आरसा आणि बघणारी माणसं तेवढी नवीन होती.

पहिल्या दिवशी मी व्यायाम केलाच नाही. मॅटवर गेले आणि प्लेटा वाचल्या. अडीच, पाच, दहा, पंधरा, वीस. कुठली कुठं टांगतात, प्लेट अडकवून ठेवणारी क्लिप कशी दाबली की सरकते, ते हातात घेऊन बघितलं. दहा मिनिटं, की घरी. दुसऱ्या दिवशी रिकामा रॉड. तू पण असंच कर, उचलायची घाई करू नको. ती जागा आधी पायाखालची होऊ दे.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती ती सांगते. रॅकवर, म्हणजे ठेवायच्या स्टँडवर, रॉड असताना एका बाजूच्या सगळ्या प्लेटा एकदम काढायच्या नाहीत. दुसरी बाजू जड होते आणि रॉड उलटतो. माझ्या दुसऱ्या आठवड्यात तसंच झालं. वीसची प्लेट फरशीवर आदळली, गाण्याच्या वर आवाज गेला, सगळे गप्प. पाय लटपटले माझे. एक कॉलेजचा पोरगा आला, रॉड सरळ केला, म्हणाला, "काकू, एक इकडची, एक तिकडची, अशी काढायची. माझ्याकडून पण पडलाय." आणि आपल्या सेटला गेला. त्या दिवसानंतर मला त्या हॉलची भीती अशी राहिली नाही.

बोलायला तीन वाक्यं लागतात. "दादा, किती सेट राहिले?", म्हणजे उचलायच्या किती फेऱ्या राहिल्या, हे पहिलं, टॉवेल पडलेला असला तरी हेच, माणूस पाणी प्यायला गेलेला असतो. "मधे मधे मी मारू का?", म्हणजे तो दम घेतो तेवढ्यात आपला सेट, हे दुसरं. आणि बेंचवर रॉड छातीवर घ्यायचा असला तर "जरा सपोर्टला थांबता का?" हे तिसरं. ते मात्र लाजून टाळायचं नाही, एकटीनं जड रॉड छातीवर घेऊन अडकलीस तर जिवावर बेतेल.

मंगळसूत्राचं पण लिहिते, कारण कुठला कोच सांगत नाही. स्क्वॉटला, म्हणजे रॉड घेऊन उठबस करताना, तो मानेच्या खाली पाठीवर येतो आणि साखळी कातडीत रुतते. माझ्या मानेवर मण्यांचे वळ उठले होते, हळद लावली तीन दिवस. आता बॅगेत स्टीलची छोटी डबी आहे, मंगळसूत्र आणि बांगड्या त्यात. सासूबाईंना ते आवडलं नाही, वरून "पुरुषासारखं अंग होईल" हे पण. मी त्यांना मीराबाई चानूचा फोटो दाखवला. २०२१ मध्ये टोकियोला ४९ किलोच्या गटात ११५ किलो डोक्यावर नेलं त्या पोरीनं आणि रौप्य आणलं. एवढीशी उंची, कानात आईनं स्वतःचे दागिने मोडून केलेले ऑलिम्पिकच्या गोलांचे डूल. सासूबाई बराच वेळ ते डूलच बघत बसल्या. डबीबद्दल पुन्हा बोलल्या नाहीत. बायकांना पुरुषाच्या मानानं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, फारच कमी असतं, दोनचार वर्षं वजन उचलून कुणाचं अंग तसं होत नाही.

तुझ्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलं. हाडाचा साठा तिशीच्या आसपासपर्यंत भरतो, पुढं राखायचा असतो, आणि पाळी गेली की पहिली काही वर्षं तो भराभर उतरतो. वॉर्डात खुब्याच्या बाया बघते ना मी, साठीच्या, पासष्टीच्या, सगळ्या जन्मभर राबलेल्या. एकीलाही आधी कुणी सांगितलेलं नसतं. तू जा गं माय. आठवड्यातून दोन दिवस गेलीस तरी चालेल, पण जा.

तालीम_ते_जिम (जालना)

ताई, मी छोटी जिम चालवतो, म्हणून मालकाच्या बाजूनं लिहितो. तुम्हाला "सामान तिकडंय" म्हणणाऱ्या पोरापेक्षा चूक आमची मोठी आहे. गुलाबी डंबेल ट्रेडमिलशेजारी आम्हीच ठेवतो, लेडीज बॅच नोकरीच्या वेळेत आम्हीच टाकतो. मी पण तेच केलं होतं. आमच्याकडच्या एक शिक्षिका बाई एक दिवस सरळ म्हणाल्या, "सर, रॉडवर वजन लिहिलेलं नाही, प्रत्येक वेळी विचारायला लाज वाटते." इतकी वर्षं माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्याच रात्री ऑइल पेंट आणून प्रत्येक रॉडच्या टोकावर आकडा टाकला. नवीन पोरांनाही त्याचाच फायदा झाला, तेही विचारत नव्हते.

बघण्याबद्दल. दोन सेटच्या मधे माणूस कुठंतरी बघतच असतो, आणि नवीन कुणी दिसलं की नजर जाते. ती आठ-दहा दिवसांत सुटते. जी सुटत नाही, किंवा जो मोबाइल तुमच्या दिशेनं धरतो, ती वेगळी गोष्ट आहे. तिथं सहन करू नका. मालकाला सगळ्यांसमोर सांगा. मालकानं टाळलं तर पैसे परत मागा, आणि धमकी किंवा पाठलाग झाला तर ११२ लावा. मी एका पोराचं येणं याच कारणानं बंद केलं आहे.

आणि आईंना कुणाच्या सांगण्यावरून वजनं देऊ नका. त्यांचं फिजिओथेरपिस्टला विचारूनच.

काळी_माती

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. लातूरच्या ताई, तुमचं आईला वाचून दाखवलं. कळश्यांचं आलं तेव्हा आई म्हणाली, "आमच्या गावची हीर तर पाऊण कोसावर व्हती." उद्या प्लेटा वाचायला जाते.

काळी_माती (तीन आठवड्यांनी)

सांगितल्याप्रमाणं केलं. पहिल्या दिवशी प्लेटा वाचल्या. आमच्याकडं १५ च्या नाहीतच, आणि वीसच्या एका प्लेटेवरचा आकडा घासून गेलाय. दुसऱ्या दिवशी जाड टोकांच्या रॉडजवळ उभी राहिले आणि शेजारच्याला विचारलं, "हा वीसचा आहे ना?" तो तोच पोरगा निघाला. "हो मॅडम, वीस," एवढंच बोलला. त्याला ती सकाळ आठवत पण नव्हती. मी अडीच महिने तेच वाक्य घेऊन फिरत होते.

रिकामा रॉड जमिनीवरून उचलला. मांड्या थरथरत होत्या, पण वर आला. सरळ उभी राहिले तर आरशात माझ्या दोन्ही बाजूंना ते लोखंड. थोडा वेळ तशीच उभी राहिले.

आता दोन्हीकडं पाचची एक-एक प्लेट, म्हणजे ३०. अडचण अशी की पाचच्या प्लेटा लहान, रॉड अगदी जमिनीला टेकतो आणि वाकताना पाठ गोल होते. काय करू?

गंजगोलाईची_लेक

अगं माझी बाई! वाचून वॉर्डात सिस्टरला पण सांगितलं.

विसाच्या दोन प्लेटा आडव्या टाक, एक या बाजूला, एक त्या बाजूला, आणि त्यांच्यावर रॉडच्या प्लेटा टेकव. रॉड नडगीच्या मध्याच्या आसपास आला की पाठ सरळ राहते. घोट्यापासून फार लांब धरू नको, पायाला लागूनच वर येऊ दे. नडग्या खरचटतात, लांब पँट घाल.

तालीम_ते_जिम

पुढं दर वेळी फक्त अडीच-अडीच वाढवा ताई. एकदम दहाच्या लावू नका.

काळी_माती

तेच करायला गेले तर अडीचची एकच प्लेट आहे, तिची जोडी नाही. सगळीकडं शोधली, बेंचखाली, मारुतीच्या फोटोमागं पण. पोरांना विचारलं तर म्हणाले, आम्हाला लागतच नाही, आम्ही पाचनं वाढवतो.

काल मालक गल्ल्यावर बसले होते. जाऊन म्हणले, अडीचची जोडी पाहिजे, माझं अडलंय. त्यांनी दोनदा विचारलं, "तुम्हाला? वजनासाठी?" मी म्हणले हो, मला. वहीत लिहून घेतलंय. शनिवारी आणतो म्हणाले.