कोविड बॅचची मार्कशीट आणि ‘बारा-सात’

मोरे (डी-102): फॉरवर्डेड: ‘2020 च्या बॅचच्या सर्व पदव्या अवैध ठरणार! परीक्षाच झाली नव्हती! सुप्रीम कोर्टाचा निकाल! पालकांनो सावध!’
हे खरं आहे का? माझ्या भाच्याची डिग्री त्याच वर्षीची आहे.

पाटील सेक्रेटरी (ए-103): मोरे भाऊ, ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. फॉरवर्ड टाकू नका.

गायकवाड काकू (बी-201): असू द्या हो पाटील भाऊ. काल तुम्हीच शुगरवर मेथीचा काढा टाकला होता.

कुलकर्णी काका (सी-201): मोरे, साफ खोटं आहे. कोर्टाचा निकाल 28 ऑगस्ट 2020 चा, आणि तो नेमका याच्या उलट आहे. अंतिम वर्षाची परीक्षा घेतल्याशिवाय राज्याला मुलांना पास करता येणार नाही, असं कोर्ट म्हणालं. परिस्थिती बिकट असेल तर परीक्षा पुढे ढकला आणि यूजीसीकडे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाकडे, मुदत मागा, एवढीच मुभा दिली. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये परीक्षा झाल्या. भाच्याला शांत झोपायला सांगा.

मोरे (डी-102): 🙏 बरं वाटलं काका. तुम्ही विद्यापीठात होता ना?

कुलकर्णी काका (सी-201): परीक्षा विभागात. कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. कोणत्या विद्यापीठात ते सोडा, पेन्शन अजून तिथूनच येते.

आहेर (डी-304): काका, पदवी वैध आहे, पण त्यावर जे छापलंय त्याचं काय? मी त्याच बॅचची. शिकायला बाहेरगावी होते, लॉकडाऊनमध्ये आजीकडे सुरगाण्याला अडकले. परीक्षा घरून, एक तास, पर्याय निवडायचे. रेंजसाठी टेकडीवरच्या शाळेच्या व्हरांड्यात बसले होते. मधेच स्क्रीन पांढरी झाली. हेल्पलाइन एंगेज. नंतर कॉलेजने लॉग दाखवला: लॉग-इन 11.02, पुढे सबमिटचा रकाना रिकामा. गैरहजर धरलं. महिन्याने पुन्हा परीक्षा दिली, मार्क चांगले पडले, पण मार्कशीटवर ‘पुनर्परीक्षा’ आलं. आता अंबडच्या कंपनीतून दुसरीकडे जायचंय, तर एचआरवाले विचारतात, बॅकलॉग होता का?

गायकवाड काकू (बी-201): अगं बाई! नापास न होता नापासाचा शिक्का.

शिंदे सर (ए-404): शिक्क्यावरून आठवलं. जुलै 2020 मध्ये कृषी शाखेच्या काही मुलांच्या गुणपत्रिकांवर चक्क ‘प्रमोटेड कोविड-19’ छापून आलं होतं. केवढा गदारोळ झाला. तेव्हा कृषिमंत्री आपल्या मालेगावचे दादा भुसे. त्यांनी कारवाई करायला लावली. हे छापायचं कुणी ठरवलं असेल हो? कुणीतरी कॉम्प्युटरसमोर बसून ती ओळ टाइप केली असेलच ना.

कुलकर्णी काका (सी-201): शिंदे सर, तोच तर मुद्दा आहे. ती ओळ टाइप करणारा क्लार्क सापडतो. ती ओळ टाका म्हणणारा सापडत नाही.

मोरे (डी-102): पण तेव्हा सरकार परीक्षा नको म्हणत होतं आणि राज्यपाल हवी म्हणत होते ना? आमच्या घरी पार डोकं फिरलं होतं.

कुलकर्णी काका (सी-201): फिरणारच. क्रम बघा. मेच्या सुरुवातीला कुलगुरूंच्या समितीचा अहवाल आला. 8 मेला मंत्री उदय सामंत म्हणाले, फक्त अंतिम वर्षाची परीक्षा होईल, जुलैमध्ये. 31 मेला मुख्यमंत्री म्हणाले, परीक्षा नाही, सरासरीने मार्क. 19 जूनला तसा जीआर निघाला. ज्याला परीक्षा द्यायचीच आहे त्याने तसं लिहून द्यावं, असंही त्यात होतं. राज्यपाल कोश्यारी म्हणजे पदसिद्ध कुलपती, त्यांचा विरोध. 6 जुलैला यूजीसी म्हणाली, सप्टेंबरअखेर परीक्षा घ्याच. मग युवासेना कोर्टात गेली. आमच्या विभागात रोज सकाळी पेपर आला की आधी पहिलं पान बघायचो, मग फाइल उघडायचो. ज्या परीक्षेचं वेळापत्रक करायचं, ती आहे की नाही हेच बातमीवरून कळायचं.

शिंदे सर (ए-404): आणि कॉलेजात आम्ही! खालच्या वर्गांना निम्मे मार्क अंतर्गत, निम्मे मागच्या सत्राचे. अंतर्गतच्या वह्या स्टाफरूमच्या कपाटात आणि कॉलेज सील. प्राचार्यांनी परवानगी काढली, तेव्हा वॉचमनसोबत जाऊन आणल्या.

डॉ. बच्छाव (बी-502): आमच्याकडे सरासरीचा प्रश्नच नव्हता. पेशंट न तपासता डॉक्टर कसा पास करणार? म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाने परीक्षा पुढे ढकलल्या, पण प्रत्यक्ष घेतल्या. एप्रिल 2021 च्या परीक्षा जूनवर गेल्या. मी तेव्हा रेसिडेंट. एप्रिल 2021 मध्ये नाशिक कसं होतं ते इथे कुणाला सांगायला नको.
परीक्षा ढकलली की मुलं सुटली असं बाहेर वाटतं. आमचं उलटं झालं. 3 मेला पंतप्रधान कार्यालयातून आलं की नीट-पीजी, म्हणजे डॉक्टरांची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा, किमान चार महिने पुढे. ती झाली 11 सप्टेंबरला, आणि काउन्सेलिंग सुरू झालं जानेवारी 2022 मध्ये. म्हणजे रेसिडेंटची नवीन बॅच आलीच नाही. तीन बॅचचं काम दोन बॅचनी ओढलं. निर्णय चुकला असं मी म्हणत नाही, दुसरा कुठला घेणार? पण वॉर्डात माणसं कुठून आणणार, हे त्या पत्रात कुठे होतं?

गायकवाड काकू (बी-201): डॉक्टर, तुम्ही तेव्हा लिफ्ट वापरायची नाही असा नियम केला होता ना कुणीतरी? मला अजून लाज वाटते.

डॉ. बच्छाव (बी-502): जाऊ द्या काकू. जिने चढून गुडघे चांगले झाले. 😄

पाटील सेक्रेटरी (ए-103): तो नियम कमिटीचा होता. माझ्या एकट्याचा नाही.

कुलकर्णी काका (सी-201): पाटील, तुम्हीच विषय काढलात म्हणून सांगतो. विद्यापीठ कायदा 2016, कलम 12, पोटकलम 7. आमच्याकडे नुसतं ‘बारा-सात’ म्हणायचे. तातडीची गरज असेल तर कुलगुरू स्वतः निर्णय घेऊ शकतात. मात्र ते काम एरवी ज्या मंडळाचं असतं, त्याच्यासमोर लवकरात लवकर लेखी ठेवायचं: तातडी काय होती आणि मी काय केलं. परीक्षेचं असेल तर परीक्षा व मूल्यमापन मंडळ, पैशाचं असेल तर व्यवस्थापन परिषद. कलम उत्तम आहे. आग लागली तर कोरम मोजत बसायचं नसतं.
पण आग दीड वर्ष चालली. टिपणीच्या शेवटी ‘कुलगुरू महोदयांनी बारा-सात अन्वये मान्यता दिली, कार्योत्तर मान्यतेसाठी सादर’ हे वाक्य इतक्यांदा टाइप केलं की बोटांना पाठ झालं. एजन्सी नेमायची, बारा-सात. पेपरचं स्वरूप बदलायचं, बारा-सात. पुनर्परीक्षा कुणाला द्यायची, बारा-सात. मग सहा महिन्यांनी ऑनलाइन बैठक, विषयपत्रिकेवर ढीगभर विषय, एका दमात मंजूर. वरातीमागून घोडं.

शिंदे सर (ए-404): सदस्य काय करत होते? त्यातले काही तर निवडून आलेले असतात.

कुलकर्णी काका (सी-201): सर, काहींनी विचारलं. पण उत्तर मिळायचं, परिस्थिती अभूतपूर्व होती. त्या शब्दापुढे सगळे गप्प. अभूतपूर्व होती हे खरंच. म्हणून तर कारण लिहून ठेवायला हवं होतं. तातडीत घेतलेला निर्णय चुकू शकतो, त्याबद्दल मी कुणाला दोष देणार नाही. आमचे कुलगुरू रात्री बारालाही फोन घ्यायचे, माणूस कामाचा होता. पण कागदावर फक्त ‘मान्यता’ आहे. दोन पर्यायांतला हाच का घेतला, ते कुठेच नाही. आज या मुलीने विचारलं की पुनर्परीक्षा हा शब्द मार्कशीटवर का छापला, तर विद्यापीठात सांगणारं कुणी नसेल. माणसं बदलली, रिटायर झाली, मीही झालो.

गायकवाड काकू (बी-201): म्हणजे आपल्या कमिटीसारखंच की. लॉकडाऊनमध्ये फवारणीचं मशीन घेतलं, मोलकरणींना बंदी केली, मग वर्षाने झूमवर सभा. ‘मंजूर? मंजूर!’ सगळे म्यूटवर होते.

पाटील सेक्रेटरी (ए-103): काकू, सभा पुढे ढकलायची परवानगी शासनानेच दिली होती. आणि मशीनची बिलं फाइलला आहेत. कधीही बघा.

गायकवाड काकू (बी-201): बिल आहे, पण तेच मशीन का, ते आहे का?

पाटील सेक्रेटरी (ए-103): तेव्हा दुसरं मिळत नव्हतं.

कुलकर्णी काका (सी-201): बघा, हे एक वाक्य ठरावात लिहिलं असतं तर काकूंनी आज विचारलंच नसतं. 😄

मोरे (डी-102): विद्यापीठावर सरकारचाच वचक हवा असं माझं मत. कोण जाब विचारणार नाहीतर?

शिंदे सर (ए-404): मोरे भाऊ, तेही करून झालं. डिसेंबर 2021 मध्ये विधेयक मंजूर झालं. मंत्री प्र-कुलपती होणार, कुलगुरूपदासाठी सरकार दोन नावं सुचवणार आणि राज्यपालांनी त्यातलं एक निवडायचं. सरकार बदललं, विधेयक मागे घेतलं. कुलपती मोठे की मंत्री, यावर दोन वर्षं भांडण. आहेरांच्या मुलीचा सबमिटचा रकाना दोघांच्याही गावी नव्हता.
आणि एक राहून राहून वाटतं. घरी बसून शिकवायचं तंत्र आपल्या गोवर्धनच्या मुक्त विद्यापीठाला 1989 पासून माहीत आहे. छापील पुस्तकं मुलांच्या हातात. रेंज नसली तरी सुरगाण्यात पुस्तक उघडतं. आमच्यासारख्या कॉलेजांना मार्चमध्ये फक्त एवढंच सांगितलं गेलं: लिंक पाठवा, तास सुरू करा.

आहेर (डी-304): सर, लिंक होतीच. तिकडे आख्ख्या पाड्यात स्मार्टफोन दोघांकडे.
काका, मला भांडायचं नाहीये. विद्यापीठाला मेल केले, ‘आपला विषय संबंधित विभागाकडे पाठवला आहे’ असं उत्तर येतं. मी काय करू ते सांगा.

कुलकर्णी काका (सी-201): बाळा, दोन कामं समांतर कर. पहिलं, कॉलेजकडून बोनाफाइडसारखं पत्र घे: 2020 ची पुनर्परीक्षा तांत्रिक अडचणीमुळे झाली, विद्यार्थिनी नापास नव्हती. प्राचार्यांच्या सहीचं असलं की बहुतेक एचआरला तेवढं पुरतं. ते याच आठवड्यात.
दुसरं, माहिती अधिकाराचा अर्ज. लोक इथेच चुकतात. ‘माझ्यावर अन्याय का झाला’, ‘असं का छापलं’ असं लिहितात. माहिती अधिकारात ‘का’ला उत्तर मिळत नाही. फक्त प्रती माग:
पुनर्परीक्षा घेण्याच्या निर्णयाची टिपणी, त्यावरच्या सगळ्या शेऱ्यांसह. बारा-सातखाली कुलगुरूंनी मंडळाला दिलेला लेखी अहवाल. ज्या बैठकीत तो मंजूर झाला तिचं इतिवृत्त. आणि गुणपत्रिकेचा नमुना मंजूर केल्याचा कागद.
उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. नाही आलं तर पहिलं अपील तिथल्याच वरिष्ठांकडे. ‘असा अहवाल उपलब्ध नाही’ असं लेखी आलं तरी निराश होऊ नकोस. तो कागद सगळ्यात भारी. तो जोडून गुणपत्रिका दुरुस्तीचा अर्ज कर, आणि व्यवस्थापन परिषदेच्या एखाद्या निवडून आलेल्या सदस्याला प्रत दे. त्यांना बैठकीत बोलायला असं काहीतरी हवंच असतं.

शिंदे सर (ए-404): तुझ्या बॅचचे आणखी कुणी असतील तर त्यांनाही वेगवेगळे अर्ज करायला सांग. एकाच अर्जावर सगळ्यांच्या सह्या नकोत.

आहेर (डी-304): आहेत सर. आमच्या जुन्या ग्रुपवर अजून सातआठ जण हेच रडगाणं गातात. आज टाकते तिकडे.
काका, मी मसुदा करून तुम्हाला पाठवू का? आणि फी कशी भरायची?

कुलकर्णी काका (सी-201): पाठव, पण पर्सनलवर. इथे पाटील रागावतील. फी दहा रुपये. ऑनलाइन भरता येते, पण मी तुझ्या जागी असतो तर कागदी अर्ज केला असता, पोस्टाची पोच हातात राहते. दहाचं कोर्ट फी तिकीट लावायचं.

आहेर (डी-304): ते कुठे मिळेल?

पाटील सेक्रेटरी (ए-103): सीबीएस स्टँडजवळ, कोर्टाच्या आवारात स्टॅम्पवाल्यांकडे. सोमवारी मी तिकडेच जाणार आहे, सोसायटीचं काम आहे. किती आणू?

आहेर (डी-304): दहा आणा काका. पैसे जीपे करते.