बर्बेरीचा ट्रेंच कोट: श्रेय नेमके कोणाचे?

ऊनपाऊस:
बर्बेरी या ब्रिटिश कंपनीच्या इतिहासाविषयी वाचताना दोन ठिकाणी अडलो. ट्रेंच कोटाचे, म्हणजे कंबरपट्ट्याच्या लांब पावसाळी कोटाचे, जनकत्व बर्बेरीकडे दिले जाते, तसेच अ‍ॅक्वास्क्युटम या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीकडेही. त्यात खरे कोणाचे? दुसरे असे, की बर्बेरीचे नाव ज्या गॅबर्डिनमुळे झाले, त्याच नावाचे पँटचे कापड आपल्याकडे शिंप्यांच्या दुकानात सर्रास मिळे. माझ्या वडिलांची तशी एक पँट पहिल्याच सरीत गुडघ्यापर्यंत भिजत असे. मग हे कापड पाऊस अडवते कसे?

ताणाबाणा:
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. थॉमस बर्बेरी यांनी १८५६ मध्ये, वयाच्या २१व्या वर्षी, हॅम्पशरमधील बेसिंगस्टोक येथे कापडाचे दुकान काढले. त्या काळी पावसाचा कोट म्हणजे मॅकिंटॉश, अर्थात दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये पेटंट घेतलेल्या या कापडातून पाणी आत येत नसे, पण घामाची वाफही बाहेर जात नसे. शिवाय सुरुवातीचे कोट थंडीत ताठ होत, उन्हात चिकट होत आणि त्यांना वास येई तो वेगळाच. बर्बेरी यांनी रबराला फाटा दिला. त्यांनी १८७९ मध्ये तयार केलेल्या आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलेल्या गॅबर्डिनसाठी सूत विणण्याआधीच जलरोधक करून घेतले जाई, आणि मग वीण इतकी घट्ट घातली जाई की पाणी वरच्यावर घरंगळावे, हवा मात्र खेळती राहावी. भिंगाखाली धरल्यास उभे धागे आडव्यांपेक्षा दाट बसलेले आणि त्यांच्या तिरप्या रेघा उमटलेल्या दिसतात. आपल्या वडिलांच्या पँटीला या रेघा नक्की असतील. सुतावरची प्रक्रिया मात्र नसणार.

जुनी पेटी:
आता श्रेयाचा वाद. अ‍ॅक्वास्क्युटम १८५१ ची, म्हणजे बर्बेरीहून थोडी जुनी. लॅटिनमध्ये ‘अ‍ॅक्वा’ म्हणजे पाणी आणि ‘स्क्युटम’ म्हणजे ढाल. क्रिमियाच्या युद्धात आपले कोट वापरले गेले, असे ती सांगते. बर्बेरीकडे १९१२ चे ‘टायलॉकन’चे पेटंट आहे, हा कोट बटणांच्या रांगेऐवजी कंबरपट्ट्याने आवळायचा. मात्र ‘ट्रेंच’, म्हणजे खंदक, हे नाव पहिल्या महायुद्धात चिकटले. ब्रिटिश अधिकारी आपला गणवेश स्वतः शिंप्याकडून शिवून घेत, त्यामुळे मिळतेजुळते कोट अनेक दुकानांत तयार होत होते, आणि म्हणूनच एकच जनक शोधणे मला व्यर्थ वाटते. साध्या शिपायाच्या अंगावर तेव्हा जड लोकरी कोटच असे, हे जाहिरातींत सहसा येत नाही. कंबरपट्ट्यावरच्या धातूच्या कड्या हातबाँब टांगण्यासाठी होत्या, ही कथाही मला पटत नाही. नकाशाची पिशवी किंवा तत्सम सामान अडकवण्यासाठी त्या असाव्यात, हे अधिक संभवते.

ऊनपाऊस:
दोघांचेही आभार. बर्बेरीच्या कापडावरचा तो प्रसिद्ध चौकडा, म्हणजे चौकटींचा नमुना, मग केव्हाचा?

ताणाबाणा:
१९२० च्या दशकातला, आणि तोही अस्तराचा. कोट घातल्यावर तो झाकलेलाच राही. तो बाहेर मिरवू लागला तो बऱ्याच नंतर, १९५५ मध्ये कंपनी ग्रेट युनिव्हर्सल स्टोअर्सकडे गेल्यानंतरच्या काळात.

जुनी पेटी:
त्या मिरवण्याची दुसरी बाजूही आहे. एका वर्षात सुमारे २.८६ कोटी पौंडांचा न विकलेला माल नष्ट केल्याचे २०१८ मध्ये उघड झाले, आणि बरीच टीका झाल्यावर कंपनीने ती पद्धत बंद करत असल्याचे जाहीर केले.