डब्याची मागची बाजू वाचा

वर दोघांनी लिहिलंय की मांजराला डबाबंद खाणं म्हणजे चैन, उकडलेलं चिकन आणि भात पुरे. अधूनमधून चिकन ठीक, पण रोज तेवढंच नको. मांजराला टॉरिन (एक अमिनो आम्ल) अन्नातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं की दृष्टिपटल आणि हृदयाचे स्नायू बिघडतात. शिवाय नुसत्या मांसात कॅल्शियम नावापुरतंच.

डबा घेताना पुढचं चित्र सोडा. मागे बारीक अक्षरांत 'कम्प्लीट' आहे की 'कॉम्प्लिमेंटरी' ते बघा. दुसरं असेल तर तो खाऊ, जेवण नव्हे. प्रोटीन 10 टक्के दिसलं म्हणून नाक मुरडू नका. डब्यात साधारण 80 टक्के पाणी असतं, ते वगळलं की हेच प्रमाण 50 टक्के होतं. 32 टक्केवाल्या कोरड्या खाण्यात पाणी 10 टक्के धरलं, तर हिशेब 36च्या आतच. 'ग्रेन फ्री'साठी (म्हणजे धान्य नसलेल्यासाठी) मात्र जादा पैसे मोजू नका.

सगळं ओलं परवडत नसेल तर सकाळी कोरडं, रात्री ओलं. मोठा डबा ग्रॅममागे बहुधा स्वस्त पडतो, पण फ्रीज असेल तरच घ्या. उघडलेला झाकून ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. आपल्या सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये वाटीत उरलेलं तासाभरात उचलाच, नाहीतर मुंग्या आधी येतात.

बोका असेल तर ओलं पूर्ण बंद करू नका, तेवढंच पाणी पोटात जातं. आणि तो लघवीला बसून कुंथतोय पण थेंब येत नाही असं दिसलं, तर घरगुती उपाय न करता लगेच डॉक्टर गाठा.