फिशटँकमधील लाकूड पाण्याखाली राहत नाही, काय करावे?

गप्पीवाला
माझी टाकी 24 इंच लांब, 12 इंच रुंद आणि 12 इंच उंच आहे. तिच्यासाठी ‘स्पायडर वुड’ या नावाने मिळणारे दीड फूट लांबीचे मूळ आणले. कोरडे असताना ते 700 ग्रॅम भरले. दहा दिवस बादलीत बुडवून ठेवूनही ते तरंगतेच. शेवटी त्यावर एक गोटा ठेवून ते टाकीत बसवले. पहाटे धप्प असा आवाज झाला, म्हणून उठून पाहतो तो लाकूड वर आलेले, गोटा काचेपासून चार बोटांवर वाळूत रुतलेला आणि निऑन टेट्रांचा सगळा थवा हीटरमागे दडलेला. खात्रीचा उपाय कोणता? उकळावे म्हटले, तर घरातील सर्वांत मोठ्या पातेल्यातही ते मावत नाही.

सुतारपक्षी
लाकडाच्या पेशींच्या भिंती मुळात पाण्याच्या सुमारे दीडपट घन असतात. ते तरंगते ते आतील पोकळ्यांत अडकलेल्या हवेमुळे. त्या हवेची जागा पाणी घेईपर्यंत वाट पाहायची किंवा तोवर लाकडाला जड पाया द्यायचा, एवढेच दोन मार्ग आहेत. स्पायडर वुडला कित्येक आठवडे लागू शकतात, म्हणून मी पाया देण्याच्याच मताचा आहे.

वजन वर ठेवू नये, खाली जोडावे. दगडी फरशीच्या तुकड्याला छिद्र पाडावे, लाकडातही आधी बारीक छिद्र घ्यावे (नाहीतर सुकलेले मूळ उभे चिरते) आणि मग स्टेनलेस स्टीलचा स्क्रू खालून वर फिरवावा. स्क्रूचे डोके फरशीत पूर्ण बसेल अशी खाच करावी, कारण ते बाहेर राहिले तर सगळा भार तळकाचेच्या एकाच बिंदूवर येतो. लोखंडी स्क्रू गंजतो, तर पितळी स्क्रूमधील तांबे कोळंबी आणि गोगलगाईंना घातक ठरू शकते. ओलसर लाकडाला सिलिकॉन धरत नाही, त्यामुळे त्यावर भरवसा ठेवू नये.

आता वजनाचे. तुमच्या लाकडाचे आकारमान 1,200 घनसेंटीमीटर धरले, तर ते सुमारे 500 ग्रॅमच्या जोराने वर ढकलले जाईल. दगडाचे वजनही पाण्यात एक तृतीयांशाहून अधिक घटते. म्हणजे किमान 800 ग्रॅमचा दगड लागेल. सव्वा किलोचा घ्यावा.

गप्पीवाला
गच्चीवर शहाबादी फरशीचा तुकडा पडून आहे. तो चालेल का?

पाणवेल
तो वापरू नये. शहाबादी हा चुनखडक आहे, कडप्पा आणि कोटाही त्याच जातीचे. ते हळूहळू विरघळून पाण्याचा कठीणपणा वाढवतात आणि अ‍ॅमेझॉन खोऱ्यातील निऑन टेट्राला तर मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी मानवते. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावे. बुडबुडे आले की तो बाद. आपल्याकडचा काळा पाषाण चालतो, परंतु त्याच्या भोकांत पांढरे स्फटिक असतील तर तिथेही थेंब टाकून पाहावा. मी ओट्यातील सिंकसाठी कापून काढलेला ग्रॅनाइटचा तुकडा वापरला. दुकानदाराने तो फुकट दिला आणि छिद्रही पाडून दिले.

उकळण्याविषयी माझे मत सुतारपक्षी यांच्याहून थोडे वेगळे आहे. उकळल्याने हवा लवकर निघते आणि त्याच पाण्यात निवताना लाकूड पाणी आत ओढून घेते, त्यामुळे पाया जोडायचा असला तरी ते फायद्याचेच आहे. लाकूड मावत नसेल, तर आधी एक टोक आणि मग दुसरे टोक तासभर उकळावे. पाणी कोऱ्या चहासारखे होईल. तो टॅनिनचा रंग असतो, माशांना त्याचा अपाय नाही. पहिल्या काही आठवड्यांत लाकडावर पांढरा बुळबुळीत थर आला तरी घाबरून लाकूड फेकू नये. तो बुरशी आणि जिवाणूंचा असतो, गोगलगाई तो आवडीने खातात.

गप्पीवाला
दोन्ही टोके उकळली आणि 1,300 ग्रॅमचा ग्रॅनाइट जोडला. बादलीत लाकूड तळाशी बसले, मात्र लांब फांदीच्या बाजूने फरशी बोटभर उचलली जाते.

सुतारपक्षी
उचल त्या फांदीची आहे आणि तुमचा स्क्रू बुंध्याकडे असणार. फरशी फांदीच्या दिशेने सरकवून दुसरे छिद्र घ्यावे. टाकीत ठेवण्यापूर्वी एक रात्र बादलीतच राहू द्यावे.