ग्विदियन सज्जन कधी झाला?

वेल्श दंतकथांमधला जादूगार ग्विदियन म्हणजे ‘वेल्शांचा गँडाल्फ’ (टोल्किनच्या गोष्टींतला भला, शहाणा जादूगार), असं एक मत आहे. मला ते पटलं नाही. मॅबिनोगी या मध्ययुगीन वेल्श कथासंग्रहाच्या चौथ्या शाखेतला (म्हणजे भागातला) ग्विदियन सरळसरळ लबाड आहे. अळंब्यांपासून ढाली बनवायच्या, जादूचे घोडे आणि शिकारी कुत्रे उभे करायचे, ते देऊन प्रिडेरी या दक्षिणेकडच्या राजाची डुकरं पळवायची, आणि हे सगळं कशासाठी? भावाला एका मुलीपर्यंत पोचता यावं म्हणून! त्यापायी युद्ध पेटलं, प्रिडेरी ग्विदियनच्याच हातून मेला. मग त्यांच्या मामाने, जादूगार राजा मॅथने, दोघा भावांना तीन वर्षं हरीण, डुक्कर, लांडगा करून रानात हिंडवलं. (ही शिक्षा मला भयंकर आवडते.)

ग्विदियन सज्जन, शूर राजपुत्र वाटतो तो लॉइड अलेक्झांडरच्या १९६४ पासूनच्या प्रिडेन या कादंबरी-मालिकेमुळे. पण मूळ दंतकथेचा खरा प्रभाव पाहायचा तर ॲलन गार्नरची १९६७ची ‘द आउल सर्व्हिस’ ही कादंबरी वाचा. तिथे गोष्ट ब्लोडायवेद्दची, म्हणजे ग्विदियन आणि मॅथने फुलांपासून घडवलेल्या आणि पुढे ग्विदियनने घुबड करून टाकलेल्या बाईची. कादंबरीतल्या ताटांवरची नक्षी फुलांची की घुबडांची, एवढ्यावर गार्नर अख्खी कादंबरी पेलतो.