मदत हवी आहे : स्वमग्न मुलासोबत थीम पार्कला जाताना

माझा १५ वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. रोलर कोस्टरचा वेग त्याला मनापासून आवडतो. मात्र रांगेतली रेटारेटी आणि मध्येच सुरू होणारे भोंगे असह्य झाले की तो कान झाकून जमिनीवरच बसतो. (आवाज रोखणारे हेडफोन आहेत, पण राइडवर ते काढायला लावतात.) डिस्नेच्या पार्कांत स्वमग्न व्यक्तींना रांगेत न थांबता दिलेल्या वेळी परत येण्याची सवलत मिळू शकते, इतर पार्कांत अशी सवलत घेताना आपल्याला कोणती कागदपत्रे दाखवावी लागली? आपल्या निदानाची चारचौघांत चर्चा झालेली त्याला खपत नाही, आणि या वयात ते साहजिकच आहे. तेव्हा कर्मचाऱ्यांशी कसे बोलावे? ठरवलेली राइड ऐन वेळी बंद निघाल्यास त्याला कसे सावरावे, हेही अनुभवी पालकांनी कृपया सांगावे.