मदत हवी आहे: मोठ्या गांधीलमाशीने बारक्यांचं पोळं लुटलं, आता काय करू?

मंडळी, मी कोथरूडला टेकडीच्या अंगाला राहते. स्वयंपाकघराच्या खिडकीवरच्या छज्जाखाली जूनपासून गांधीलमाश्यांचं पोळं होतं. करडं, कागदासारखं, तळहाताएवढं, बारीक देठाला लटकलेलं. माश्या तपकिरी, सडपातळ, वीसेक असतील. आमचा अलिखित करार होता: मी कुंड्यांना पाणी घालताना हळू हलायचं, त्यांनी डसायचं नाही. चार महिने दोन्ही बाजूंनी पाळला. सासूबाईंचा भरवसा नाही, डंखावर घासायला लोखंडी किल्ली त्यांनी खिडकीतच टांगून ठेवलीय.

परवा दुपारी कुकर लावत होते, तर बाहेर जाड घरघर. अंगठ्याच्या पेराएवढी काळी माशी, पोटावर एकच रुंद पिवळा पट्टा, थेट पोळ्यावर येऊन बसली. म्हटलं, आता रणकंदन! कसलं काय, सगळ्या जणी उडून केबलच्या वायरवर जाऊन बसल्या आणि ही एकटी एकेक घर उचकून आतल्या अळ्या ओढून काढत राहिली. त्यांचा चावून गोळा केला, टेकडीकडे उडाली, थोड्या वेळाने परत हजर. अंधार पडेपर्यंत पोळं रिकामं. मला खरंच वाईट वाटलं (हसू नका).

प्रश्न असे: ही कोण? एरवी माणसाला डसणाऱ्या माश्या लढल्या का नाहीत? ती आमच्याकडेच घर करेल का? सेक्रेटरी म्हणताहेत की सरळ फवारणी करू, आणि गच्चीच्या टाकीखालच्या आग्या मोहोळालाही सोबतच धूर देऊ. रविवारी मीटिंग आहे.

टेकडीफिरस्ता: ताई, पोटाचं टोक काळं होतं की तपकिरी? अंगावर तांबूस झाक होती का?

– टोक काळं. तांबूस काही नाही, अगदी काळी कुळकुळीत.

टेकडीफिरस्ता: मग व्हेस्पा ट्रॉपिका. तांबूस असती तर व्हेस्पा ओरिएंटॅलिस म्हटलं असतं. बारक्या गांधीलमाश्यांची पोळी लुटणं हाच ट्रॉपिकाचा मुख्य धंदा. तुमच्या बारक्या बहुधा रोपालिडिया. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकरांनी वर्षानुवर्षं अभ्यासल्या त्या. त्या भित्र्या नाहीत हो. तिचं कवच जाड, जबडा दणकट. लढून पिल्लं वाचत नाहीत, वर स्वतःही मरायचं. जिवंत राहिल्या तर नवं पोळं बांधता येतं.

आणि तो मांसाचा गोळा तिच्यासाठी नव्हता. पूर्ण वाढलेल्या गांधीलमाशीची कंबर इतकी बारीक की घन अन्न पोटात जातच नाही. गोळा घरच्या अळ्यांना भरवायचा आणि अळ्या तोंडातून गोडसर रस सोडतात तो आपण प्यायचा. बाकी फुलांतला मध, झाडाचा चीक यावर भागतं. तिचं घर झाडाच्या ढोलीत किंवा जमिनीतल्या पोकळीत असणार. छज्जाखाली उघड्यावर ती बांधत नाही. तुमच्याकडचा खाऊ संपला, आता ती कशाला येईल? तिच्या मागे मात्र जाऊ नका. मधमाशीचा डंख कातडीत अडकून तुटतो, हिचा नाही. ती पुन्हा पुन्हा डसू शकते, आणि घराजवळ तर सगळ्या मिळून. डसल्यावर श्वास लागला, तोंड सुजलं तर किल्ली-बिल्ली सोडा, थेट दवाखाना.

मधुकोश: सेक्रेटरींना सांगा, फवारायला उरलंय काय? आणि आग्याला अर्धवट धूर देणं म्हणजे सगळ्या इमारतीला खिडक्या लावून बसवणं. गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, आधी तिथे विचारा. जमलं तर दुर्बिणीने ते मोहोळ बघा. गांधीलमाशी जवळ आली की आग्या माश्या ओळीने पोटं वर करतात, पोळ्यावरून लाट सरकल्यासारखी दिसते. शत्रू बिचकतो.

– लाट दिसली! गच्चीवरून मुलीच्या दुर्बिणीने. मीटिंगमध्ये फवारणी रद्द झाली, मोहोळाचं संस्थेला विचारून ठरवायचं आहे. आणि आज सकाळी एसीच्या पाइपामागे एक नवा देठ, त्याला तीन घरं, भोवती पाच-सहा बारक्या. सासूबाईंनी किल्ली बेडरूमच्या खिडकीत हलवलीय.